फोल्डस्कोप: कांद्याची पेशी वर्गाच्या पडद्यावर

पेशी शिकवायची असेल तर हा कागदी सूक्ष्मदर्शक जरूर घ्या. चार मुलांमागे एक तरी हवा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे घडीचं उपकरण सुमारे १४० पट मोठं दाखवतं. वीज लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यात दिवे गेले तरी गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याच्या शाळेत तास थांबत नाही.

खरी मजा मोबाइल चुंबकाने जोडून चित्र पडद्यावर टाकण्यात आहे. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने अर्धा सेंटिमीटर सोलावा. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरून आयोडीनचा एक थेंब टाकावा, दोन मिनिटं थांबावं. कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, तिरकी टेकवून हळूच सोडायची. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचा तो गोल मुलं हमखास 'पेशी' म्हणून वहीत काढतात. एक बुडबुडा मुद्दाम ठेवून फरक दाखवला तर ही चूक पुन्हा होत नाही.

स्लाइड आत सरकवताना कव्हरस्लिप लेन्सकडे हवी. भिंग इतकं जवळून पाहतं की उलटी घातल्यास काचेची जाडीच आड येते आणि सगळं धूसर दिसतं. पापुद्रा दुमडला तरी तेच होतं.

तक्ता आधी लावू नका, ही आमची आग्रहाची सूचना. आधी प्रत्यक्ष चित्र, मग मुलाने स्वतः काढलेली आकृती, शेवटी नावं घातलेला तक्ता. नाहीतर मुलं पुस्तकातली विटेसारखी रंगीत पेशी शोधत बसतात आणि समोरचं फिकट पिवळं केंद्रक निसटतं. आकाराचा अंदाज यावा म्हणून पापुद्र्याशेजारी एक केस ठेवा. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. मोबाइलचा झूम मात्र तसाच राहू द्या, नाहीतर तुलनाच बिघडते.

जास्वंदीचे काटेरी परागकण अप्रतिम दिसतात. जिवाणू मात्र नीट दिसत नाहीत, तशी आशा मुलांना लावू नये.

ढगाळ दिवशी बॅटरीच्या प्रकाशापुढे ट्रेसिंग पेपर धरा, म्हणजे उजेड सारखा पसरतो. फोल्डस्कोप सूर्याकडे थेट रोखू देऊ नका. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत चुंबक आणि भिंग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.