लहान प्राण्यांच्या रुग्णालयातील आंतरवासिता : पुण्यातील एका खासगी केंद्राचे परीक्षण

पुण्यातील एका खासगी श्वान-मार्जार रुग्णालयात पशुवैद्यक पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) काळात प्रशिक्षणासाठी घेतले जाते. यंदाच्या पावसाळ्यात मी तेथे होतो. तपासणी, प्रयोगशाळा आणि भूल या तीन गोष्टी शिकण्यासाठी हे ठिकाण उत्तम आहे, परंतु शस्त्रक्रियेचा हात बसवायचा असेल तर येथे निराशा होईल, असे माझे मत झाले आहे. उणिवाही सांगायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही.

अशा प्रशिक्षणाची गरज सर्वांना सारखी नसते. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमावलीप्रमाणे आपली पदवी साडेपाच वर्षांची असून त्यातील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे आहे. परळच्या महाविद्यालयात (स्थापना १८८६) शिकणाऱ्यांना बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचा शेजार लाभलेला असल्यामुळे कुत्री-मांजरे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. मराठवाड्यात शिकलेल्या माझ्यासारख्याचा हात मात्र देवणी व लाल कंधारी गाई आणि उस्मानाबादी शेळीवर बसलेला असतो. गाभण गाय तपासताना न डगमगणारा विद्यार्थी दीड किलोच्या मांजराच्या पिल्लाला २४ गेजची कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) लावताना घामाघूम होतो, आणि हे रुग्णालय प्रामुख्याने अशाच विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे.

येथील सर्वात चांगली पद्धत बाह्यरुग्ण विभागातली आहे. प्राणी टेबलावर आला की विद्यार्थ्याने आधी मालकाकडून पूर्वेतिहास घ्यायचा, नाकापासून शेपटीपर्यंत तपासणी करायची आणि केसपेपरवर किमान तीन संभाव्य आजार व ते एकमेकांपासून वेगळे ओळखण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या लिहून ठेवायच्या. त्यानंतरच वरिष्ठ डॉक्टर खोलीत येतात. आपले लेखन त्यांच्या हाती पडेपर्यंत ते स्वतःचे मत सांगत नाहीत. सुरुवातीला ही शिक्षा वाटते, कारण ‘ताप, खात नाही’ एवढ्यावरून तीन आजार मांडताना पुस्तकी ज्ञान किती विस्कळीत आहे हे लगेच उघडे पडते. पण मशीनचा अहवाल आधी पाहून त्याला लक्षणे चिकटवण्याची जी सवय हल्ली सर्वत्र दिसते, ती येथे लागत नाही.

गोचीड तापाचे उदाहरण घेतो, कारण पावसाळ्यात त्याचे रुग्ण सतत येतात. हिरड्या पांढुरक्या, अंगात ताप आणि रक्ततपासणीत प्लेटलेट कमी, इतके दिसले की अनेक ठिकाणी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करून प्रकरण मिटवले जाते. येथे विद्यार्थ्याला कानाच्या टोकाला टोचून तेथील रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) स्वतः काढावा, रंगवावा आणि तेलाच्या भिंगाखाली पाहावा लागतो. बॅबेसिया गिब्सोनी हा लाल पेशींतील चिमुकला परजीवी केशवाहिन्यांतल्या रक्तात सापडण्याची शक्यता अधिक असते आणि त्यावर अॅटोव्हाक्वोन व अॅझिथ्रोमायसिन ही जोडी द्यावी लागते, तर गोचिडीतूनच पसरणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूवर डॉक्सिसायक्लिन चालते. दोन्ही आजार एकाच वेळी असणेही दुर्मीळ नाही. एर्लिकिया मात्र स्मिअरमध्ये क्वचितच सापडतो, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, हेही येथे बजावून सांगितले जाते. स्मिअरमध्ये प्लेटलेटचा अंदाज कसा बांधायचा (तेलाच्या भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण १५ ते २० हजार) आणि मांजराच्या प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्यामुळे मशीन त्यांची संख्या कशी कमी दाखवते, हे मी येथे प्रत्यक्ष पाहून शिकलो. प्रयोगशाळेतील मॅडम काच खराब निघाली तर एक शब्दही न बोलता नवी काच पुढे सरकवतात. त्यांच्याइतके प्रभावी अध्यापन मी वर्गात फारसे पाहिलेले नाही.

भूल देण्याच्या प्रशिक्षणालाही पूर्ण गुण द्यावे लागतील. प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी एका विद्यार्थ्याकडे केवळ भुलेची नोंदवही असते. नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, श्वासातील कार्बन डायऑक्साइड, जबड्याचा ताठरपणा आणि बुबुळाची स्थिती दर पाच मिनिटांनी लिहायची असते, आणि मॉनिटर चालू असला तरी हिरड्यांचा रंग डोळ्यांनी व नाडी बोटांनी पाहण्यापासून सुटका नसते. प्राणी शुद्धीवर येताना त्याच्याजवळून हलायचे नाही, हा येथील सर्वात कडक नियम आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या आणि ७९ हजार मांजरांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भुलेशी संबंधित मृत्यूंपैकी कुत्र्यांमधील जवळजवळ निम्मे आणि मांजरांमधील साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झालेले आढळले होते. हे आकडे ऐकल्यावर शस्त्रक्रिया संपताच चहाला जाण्याची इच्छा राहत नाही.

मालकांशी बोलण्याचे शिक्षण वेगळा तास घेऊन दिले जात नाही. ते खोलीत उभे राहूनच मिळते. तोंड सुजलेले, हिरड्या तपकिरी झालेले एक मांजर आले असता ‘घरून काही औषध दिले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले. सरांनी तोच प्रश्न ‘ताप आला तेव्हा घरात कोणती गोळी होती?’ असा फिरवून विचारला आणि पॅरासिटामॉलचे नाव बाहेर आले. माणसाला निरुपद्रवी वाटणारी ती गोळी मांजराच्या यकृताला पेलत नाही आणि त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता झपाट्याने घटते. वेळेत एन-अॅसिटिलसिस्टीन देणे हाच त्यातला मुख्य उपाय. खर्चाचा अंदाज विद्यार्थ्याने आधी कच्चा लिहायचा आणि नंतर डॉक्टरांनी मालकाला सांगितलेल्या अंदाजाशी ताडून पाहायचा, ही सवयही पुढे स्वतःचा दवाखाना काढणाऱ्याला मोलाची ठरेल.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र रुग्णालय हात आखडता घेते. सिलिकॉनच्या प्रतिकृतीवर गाठी मारण्याचा भरपूर सराव करून घेतात, परंतु प्रत्यक्ष मादीच्या नसबंदीत विद्यार्थ्याच्या वाट्याला रिट्रॅक्टर (छेद उघडा ठेवणारे अवजार) धरणे आणि अखेरीस कातडीचे टाके घालणे एवढेच येते. पैसे मोजून आलेल्या मालकाच्या कुत्रीवर शिकाऊ हात चालवण्यातला संकोच मी समजू शकतो, आणि अंडाशयाच्या देठावरील गाठ सैल राहिली तर पोटात होणारा रक्तस्राव ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. तरीही वरिष्ठ समोर उभे असताना तो देठ बांधण्याची संधी निदान शेवटच्या टप्प्यात मिळायला हवी होती. ज्यांना मुख्यतः हेच शिकायचे आहे त्यांनी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ खाली चालणाऱ्या, भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या एखाद्या केंद्रात देखरेखीखाली काम करू देतात का, याची चौकशी करावी, कारण तेथे एकाच प्रकारची शस्त्रक्रिया वारंवार पाहायला मिळते.

दुसरी तक्रार पार्व्होच्या (पिल्लांना उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या) कक्षाबद्दल आहे. कक्ष स्वतंत्र आहे, पण गर्दीच्या दिवशी गाऊन पुरत नाहीत आणि त्याच विद्यार्थ्यांना पिल्लांच्या लसीकरणाच्या टेबलावर पाठवले जाते. हा विषाणू कपड्यांवरून व बुटांवरून सहज पसरतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटसारखे जंतुनाशक लागते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने येथे चालढकल करू नये, कारण विद्यार्थी जे पाहतो तेच पुढे आपल्या दवाखान्यात करतो. याउलट रेबीजच्या बाबतीत त्यांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे : पूर्वप्रतिबंधक लसीच्या मात्रा पूर्ण झाल्याचा दाखला असल्याशिवाय पहिल्या दिवशी आतच घेत नाहीत.

संध्याकाळची रुग्णचर्चा वेळापत्रकात रोज असते, प्रत्यक्षात ओपीडी लांबली की ती पुढे ढकलली जाते. अखेरीस मिळणारे मूल्यमापनही सही-शिक्क्यापुरते आहे. काय जमले आणि काय जमले नाही हे लेखी मिळाले असते तर अधिक उपयोग झाला असता. निवासाची सोय नाही, तेव्हा पुण्यातील खोलीचे भाडे हिशेबात धरूनच अर्ज करावा. रात्रपाळी ऐच्छिक आहे, पण ती जरूर मागून घ्यावी, कारण धाप लागलेले व विषबाधा झालेले प्राणी आणि लघवी तुंबलेले बोके रात्रीच येतात, आणि त्या वेळी डॉक्टरांना समजावून सांगायला सवडही असते.