मनपाच्या शाळेत आठ महिने: पहिलीतल्या लेकीचा अनुभव

सोमवारी लेक शाळेतून आली तेव्हा तिची पाण्याची बाटली रिकामी होती. जूनपासून पहिल्यांदाच. म्हणून आज वेळ काढून हे लिहितो आहे. मनपाच्या शाळेत मूल घालावं का, असं विचारणारे खूप असतात आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांतले बहुतेक जण त्या शाळेच्या फाटकातून आत गेलेले नसतात.

शाळेचं नाव लिहीत नाही. नाशिकच्या सिडकोतली आहे, पहिली ते चौथी, मराठी माध्यम, पट ६८. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. मी सातपूरला कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे. पाथर्डी फाट्याकडच्या एका इंग्लिश मीडियमने पहिलीचे ३८ हजार सांगितले, व्हॅनचे महिन्याला १,२०० वेगळे. म्हणजे वर्षाला साधारण पन्नास हजार. आमच्या घरात एवढे पैसे कुठून तरी काढावे लागतात, आणि ते पहिलीसाठी काढायला माझं मन तयार नव्हतं. जमलं नाही तर दुसरीला शाळा बदलू, असं बायकोला सांगितलं आणि जून २०२५ मध्ये नाव घातलं.

पहिले पंधरा दिवस फाटकापाशी पालकांचं बोलणं फक्त पहिलीपासूनच्या हिंदीवर चालायचं. १७ जूनला शासन निर्णय निघाला, २९ जूनला मागे घेतला. त्या गडबडीत वर्ग कसा भरतो हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नाही. मी पाहिलं तेव्हा चिडलो. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, ३४ मुलं आणि एकच बाई. मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे हिशोब सांगितला: शिक्षण हक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. शाळेत तीन आहेत. वर्ग चार आहेत, पण कायदा वर्ग मोजत नाही, पट मोजतो. घरी येऊन बायकोला म्हणालो, वर्ष वाया गेलं.

हे मत मला दिवाळीपर्यंत बदलावं लागलं. दुसरीच्या मुलांचे पाढे ऐकून ऐकून लेकीचे पाचापर्यंतचे पाढे पाठ झाले, कोणी न शिकवता. दुसरीतली एक मुलगी तिला रोज अक्षरं गिरवून दाखवते आणि त्या मुलीचंही अक्षर त्यामुळे सुधारलं, असं तिची आईच सांगते. एकत्र वर्ग सगळीकडे असाच चालेल असं मी म्हणणार नाही. इथे चालला तो बाईंमुळे.

बाई परिपाठ झाल्यावर तीन-चार मुलांना कालचं काहीतरी सांगायला लावतात आणि मूल बोलेल ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहितात. ‘आम्ही गंगेवर गेलो.’ ‘मामाची गाडी पंक्चर झाली.’ मग सगळा वर्ग ते वाचतो. मुलं स्वतःचं बोलणं फळ्यावर बघतात, त्यामुळे वाचायला घाबरत नाहीत. माझ्या लेकीने आयुष्यात पहिलं सलग वाचलेलं वाक्य तिचंच होतं: ‘पप्पांच्या हाताला ग्रीसचा वास येतो.’ वहीत उतरवून आणलं होतं. ते पान मी फाडून पाकिटात ठेवलं आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं सरकारचं निपुण भारत अभियान सांगतं. आमची पहिलीतच वाचायला लागली.

आता स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल. शाळेबद्दल दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

मुलींच्या बाजूला दोन संडास. एकात मोडकी बाकं आणि झाडू भरलेले. दुसऱ्याला लोखंडी दार, त्याला आल्ड्रॉप, म्हणजे आडव्या दांडीची जड कडी, जमिनीपासून साडेचार फुटांवर. पहिलीतली मुलगी स्वतःच पावणेचार फुटांच्या आसपास असते. वर बिजागरी झिजून दार खाली आलेलं, त्यामुळे दांडी भोकासमोर येत नाही. ती बसवायला दार उचलून धरावं लागतं, काढतानाही तसंच. जुलैत दुसरीतली एक मुलगी कशीबशी कडी लावून आत अडकली आणि मदतनीस मावशी येईपर्यंत रडत राहिली. त्या दिवसापासून लहान मुलींनी तिकडे जाणंच सोडलं. जायचं नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही.

हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. बाटली रोज भरलेली परत यायची आणि मी लेकीला रागवायचो. सप्टेंबरात ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, शाळेत लघवी धरून ठेवते का? तिने मान हलवली. औषधं आणि तपासण्या मिळून १,१४० रुपये गेले, ते असो. मी तिला रागावलो होतो, हे मात्र अजून जात नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोनदा पत्र दिलं आहे, पण दुरुस्तीचं काम वरून मंजूर व्हावं लागतं आणि तिथे सगळ्या स्वच्छतागृहाचा एकत्र अंदाजपत्रकाचा विषय आहे. मी म्हणालो, मॅडम, ऐंशी रुपयांचा बोल्ट आहे. ते ऐंशी रुपये तेव्हाही माझ्या खिशात होते. दिले नाहीत. समग्र शिक्षा या सरकारच्या शाळांसाठीच्या योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त शाळा अनुदान असतं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे अडीच हजार. ते असताना पालकाने का भरायचे? उत्तर मिळालं की यंदाचे पैसे आलेले नाहीत, आले की आधी वीजबिल.

मग शाळा व्यवस्थापन समितीत गेलो. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. ऑक्टोबरच्या बैठकीत तीन आयांनी उभं राहून सांगितलं की त्यांच्याही मुलींच्या बाटल्या भरलेल्याच परत येतात. ठराव झाला, वहीत लिहिला, सह्या झाल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत महापालिकेची निवडणूक आली आणि तीनपैकी दोन शिक्षक तिकडे गेले. निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमातच तशी सूट आहे. ते दिवस एका बाईंनी चारही वर्ग सांभाळले. तेव्हा कडीचा विषय काढायला मलाच जड गेलं.

पैसे सरकारनेच द्यायचे, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. पण त्या म्हणण्यापायी लेक सहा-सात महिने तहानलेली राहिली आणि हत्यारांची पेटी माझ्या घरात पडून होती. परवाच्या रविवारी मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन गेलो. मावशींबरोबर बाकं बाहेर काढली. दोन्ही दारांच्या बिजागऱ्या बदलल्या, जुने आल्ड्रॉप काढले, अडीच फुटांवर सहा इंची टॉवर बोल्ट, म्हणजे साध्या सरकत्या कड्या, लावले. बोल्टच्या रेषेत दाराला फट ठेवली, म्हणजे मूल अडकलंच तर बाहेरून स्क्रूड्रायव्हरने बोल्ट सरकवता येतो. लेकीला दहा वेळा लावायला-काढायला लावलं. एकूण ६४० रुपये. पावती शाळेच्या नावाने घेतली, आवक नोंदवहीत नोंद करून घेतली. अनुदान आलं की हे पैसे मागणार आहे, कारण पुढच्या पालकाला खिशात हात घालावा लागू नये.

बाकीचं थोडक्यात. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. खिचडी चांगली असते, पोटभर असते. उसळ पातळ असते, तिच्यात कडधान्य शोधावं लागतं. जेवण टेम्पोने येतं, जोराच्या पावसात उशीर होतो. इंग्रजी कच्चं आहे, ते मी घरी रोज अर्धा तास घेतो. गणवेशाचा कपडा टिकला.

शाळा बघायला जाल तेव्हा फळा, रंगवलेल्या भिंती, संगणक नंतर बघा. आधी मुलाला घेऊन स्वच्छतागृहात जा आणि त्याला स्वतःच्या हाताने कडी लावून, काढून बघू द्या. खाजगी शाळेतही हेच करा. पन्नास हजारवाल्या शाळेत मी गेलो होतो तेव्हा रिसेप्शनवरच्या माशांच्या टाकीपर्यंतच गेलो होतो.

दुसरीला लेक इथेच राहणार आहे, बाई त्याच आहेत. मुलांच्या बाजूची दोन दारं अजून तशीच आहेत. येत्या रविवारी ती करायची आहेत, एका मुलाचे वडील वेल्डिंग मशीन घेऊन येतो म्हणाले आहेत.