टर्मिनलवर ओळ दुरुस्त करायला ईमॅक्स बरं की व्हीआय?

बॅश या शेलमध्ये (टर्मिनलवर लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) लांबलचक कमांड चुकली की डावा बाण दाबून धरायची सवय मोडायची असेल, तर दोन वाटा आहेत, दोन्ही जुन्या टेक्स्ट एडिटरांच्या नावाच्या. एक आपोआप चालू असलेली ईमॅक्स पद्धत, दुसरी ‘सेट -ओ व्हीआय’ लिहिलं की चालू होणारी व्हीआय.

समजा ‘टेल -एफ /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग’ लिहून झालं आणि लक्षात आलं, या सर्व्हरवर तर एन्जिनएक्स नाही, अपाची हा दुसरा वेब-सर्व्हर आहे. ईमॅक्स पद्धतीत आल्ट-बी (एक शब्द मागे) तीनदा, आल्ट-डी (पुढचा शब्द पुसा) एकदा. एन्जिनएक्स गेलं, नवं नाव लिहा. व्हीआयमध्ये एस्केप, मग ५बी (पाच शब्द मागे), मग सीडब्ल्यू (शब्द बदला). तीनऐवजी पाच, कारण तिथे टिंब आणि तिरकी रेघ हेही स्वतंत्र शब्द. कळांचा हिशेब जवळपास सारखाच.

व्हीआयची खरी कटकट म्हणजे आपण कोणत्या मोडमध्ये (लिहिण्याच्या, की एस्केपनंतरच्या हुकूम देण्याच्या) आहोत हे बॅश आपणहून दाखवत नाही. मी दोन आठवडे रेटून पाहिलं. निम्मा वेळ सवयीने एस्केप दाबण्यातच गेला. दिवसभर विममध्ये (व्हीआयची सुधारित आवृत्ती) असणाऱ्यांनी मात्र बिनधास्त घ्यावं.

माझा कौल ईमॅक्सला. दुसऱ्याच्या सर्व्हरला एसएसएचने दूरून जोडलं तरी बहुधा तेच मिळतं, आणि कंट्रोल-ए (ओळीच्या सुरुवातीला), कंट्रोल-ई (शेवटी) मॅकच्या साध्या मजकूर-चौकटीतही चालतात. अर्धी कमांड लिहून झाल्यावर फोल्डर तपासायचा राहिला? कंट्रोल-यूने लिहिलेलं कापा, एलएसने फायलींची यादी बघा, मग कंट्रोल-वाय: ओळ परत हजर. (झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये कंट्रोल-यू कर्सरच्या पुढचंही पुसतं.) मॅकच्या टर्मिनलमध्ये आल्टसाठी ऑप्शन कळ मेटा म्हणून वापरायची सेटिंग आधी चालू करा. ब्राउझरमधल्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू (मागचा शब्द पुसा) जपून. शब्दाऐवजी अख्खा टॅब जातो.

टॅब-पूर्तीसाठी (टॅब दाबून अर्धवट नाव पूर्ण करणं) शेल बदलायचं का, हा वेगळा प्रश्न. बॅशमध्ये टॅब दोनदा दाबल्यावर नुसती यादी येते. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या खात्याला मिळणाऱ्या झेडशेलमध्ये थोडी जुळवणी केली की त्या यादीत बाणांनी फिरता येतं. रोजच्या मशीनसाठी मी झेडशेलच सुचवेन. फिश हा तिसरा शेल काहीही जुळवणी न करता जुनी कमांड करड्या अक्षरांत पुढे दाखवतो, उजवा बाण दाबला की ती घेतली. सुख आहे, पण त्याचं व्याकरण बॅशपेक्षा वेगळं, त्यामुळे नेटवरून उचललेल्या ओळी कधीकधी अडतात. आणि त्या करड्या अक्षरांत मागच्या महिन्यातलं ‘आरएम -आरएफ’ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) सुद्धा असू शकतं. एंटरआधी वाचा.