वेष्टन आधी की व्हिडिओ आधी? नाशिकच्या पंक-रॉक बँडसाठी तुलनात्मक आढावा

गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत, मिक्सिंगचे पैसे देऊन झाले आहेत आणि उरलेल्या रकमेत एकच गोष्ट नीट होऊ शकते, अशा टप्प्यावर नवा बँड कधी ना कधी येतोच. मग बँडमध्ये दोन मते पडतात. एका बाजूला वाटते, की कॅसेट किंवा सात इंची रेकॉर्ड काढावी आणि तिचे वेष्टन असे करावे, की पाहणाऱ्याला ते हातात घ्यावेसे वाटेल. दुसऱ्या बाजूला वाटते, की वस्तू विकत घेणारे थोडेच असतात, त्यापेक्षा एक चांगला व्हिडिओ केला तर तो नाशिकबाहेरही पोहोचेल. पंक-रॉक म्हणजे वेगवान, कर्कश आणि सगळे स्वतःच करण्यावर भर देणारे संगीत; त्याच्या इतिहासात दोन्ही बाजूंना भक्कम दाखले आहेत. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगतो: ज्या बँडचे कार्यक्रम नियमित होतात त्याने आधी वेष्टनावर खर्च करावा आणि ज्याचा श्रोता गावोगाव विखुरलेला आहे, ज्याला वाजवायला जागाच मिळत नाही, त्यानेच व्हिडिओला पहिला मान द्यावा. असे का, ते पुढे मांडले आहे.

वेष्टनाची परंपरा जुनी आहे आणि तिचा पाया काटकसरीत आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच काढली. वेष्टनावर पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला एक साधा फोटो होता आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले, याची नोंदही तिथेच छापली होती. पहिल्या १,००० प्रती झपाट्याने संपल्या आणि पुढे विक्री १६,००० च्या घरात गेली. त्या नोंदीने वाचणाऱ्याला जे सांगितले ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रभावी होते: हे काम अवघड नाही, तुम्हालाही करता येईल. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पॉलिटी या बँडने आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या झेरॉक्स काढलेल्या वेष्टनावर स्टुडिओ, प्रेसिंग (रेकॉर्डच्या प्रती काढणे) आणि लेबले यांचा खर्च तपशीलवार छापला. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या डिसकॉर्ड या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मुलांनी तर छापून आणलेल्या कागदावरून वेष्टने स्वतः कापली, दुमडली आणि चिकटवली. ही सगळी मेहनत खरेदी करणाऱ्याला दिसत होती, आणि त्या दिसण्यातूनच चाहता आणि बँड यांच्यात नाते जडले.

क्रॅस या इंग्लिश बँडचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांची वेष्टने उलगडली की मोठे पोस्टर होत असे. त्यावर चित्रकार गी व्हॉशरची चित्रे, गाण्यांचे शब्द आणि बँडची राजकीय भूमिका असे, आणि बाहेरच्या बाजूला स्टेन्सिलच्या अक्षरांत ‘यापेक्षा जास्त किंमत देऊ नका’ असे बजावून कमाल किंमत छापलेली असे. दुकानदाराला भाव वाढवण्याची संधी उरत नसे, आणि विकत घेणाऱ्याला रेकॉर्डसोबत वाचायला पुरेसा मजकूर मिळत असे. पंकमध्ये शब्द अनेकदा ऐकताना कळत नाहीत. म्हणूनच गाण्यांचे शब्द छापलेले पान हा वेष्टनाचा सर्वांत उपयोगी भाग ठरतो. मराठी किंवा हिंदी गाणी करणाऱ्या बँडने हे पान कधीही वगळू नये.

वेष्टनाचे दुसरे काम म्हणजे ओळख निर्माण करणे. सेक्स पिस्टल्स या बँडसाठी चित्रकार जेमी रीडने वर्तमानपत्रांतून कापल्यासारखी विजोड अक्षरे वापरली आणि १९७७ च्या अल्बमचे कव्हर भडक पिवळे ठेवले. नॉटिंगहॅममध्ये एका दुकानाच्या व्यवस्थापकावर अश्लील मानल्या गेलेल्या शब्दाचे हे कव्हर खिडकीत लावले म्हणून खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडसाठी चित्रकार रेमंड पेटीबनने केलेले चार उभ्या काळ्या पट्ट्यांचे चिन्ह स्प्रेचा एक डबा घेऊन कोणालाही भिंतीवर काढता येत होते, आणि ते तसे काढले गेलेही. रॅमोन्स या बँडच्या गरुडाच्या मोहरेचे टी-शर्ट आजही जगभर अंगावर दिसतात. ही तिन्ही चित्रे लहान आकारात, एका रंगात आणि वाईट छपाईतही ओळखू येतात. आज ऐकण्याच्या ॲपवर कव्हर बोटाच्या पेराएवढेच दिसत असताना हा गुण पूर्वीपेक्षा अधिक कामाचा झाला आहे. सात रंगांच्या छटा, धुरातला फोटो आणि बारीक इंग्रजी अक्षरे असलेले कव्हर तिथे नुसता डाग होऊन बसते.

मात्र वेष्टनाचा मोह अंगाशीही येतो. पब्लिक इमेज लिमिटेड या बँडने १९७९ मध्ये तीन रेकॉर्ड एका धातूच्या गोल डब्यात घालून विकायला काढल्या. डबा देखणा होता, पण त्यातून रेकॉर्ड बाहेर काढणे कठीण होते आणि खर्च इतका होता, की पुढच्याच वर्षी तो अल्बम साध्या वेष्टनात पुन्हा काढावा लागला. मोठ्या कंपनीचे पाठबळ असलेल्या बँडची ही स्थिती, तर आपल्याकडे कोणी लाकडी पेटी किंवा पत्र्याचा डबा करायचे ठरवले तर पुढच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे त्यातच जातील.

नाशिकमध्ये हे काम करून घेणे तुलनेने सोपे आहे. डिजिटल छपाईचे नेहमीचे शीट १३ बाय १९ इंचांचे असते. सात इंची रेकॉर्डचे वेष्टन उलगडून ठेवले तर ते चिकटवण्याच्या पट्ट्यांसह अशा एका शीटमध्ये बसते. कॅसेटचे १२ इनले, म्हणजे डबीत घडी करून घालायचे कागद, एका शीटवर सहज येतात. बारा इंची रेकॉर्डचे वेष्टन मात्र त्यात मावत नाही, त्यामुळे त्यासाठी ऑफसेटकडे, म्हणजे प्लेट करून होणाऱ्या छपाईकडे, जावे लागते. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च १०० प्रती छापा की १,००० छापा, तेवढाच येतो, म्हणून थोड्या प्रतींना ते परवडत नाही. लग्नपत्रिकांसाठी स्क्रीन प्रिंटिंग करणारे कारागीर शहरात आहेतच. त्यांच्याकडून क्राफ्ट पेपरवर एका किंवा दोन रंगांत छापून घेतले तर पंकला शोभणारा जाड, किंचित ओबडधोबड ठसा मिळतो, कारण तिथे प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो आणि रंग कमी केले की खर्चही कमी होतो. दुमडण्याच्या जागी क्रीझिंग (घडीची रेघ आधी दाबून घेणे) मारून घ्यायला विसरू नये, नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो. ज्यांच्याकडे कॅसेट वाजवायचे यंत्रच नाही अशांसाठी आतल्या पानावर क्यूआर कोड छापावा.

एक सूचना इथेच करणे आवश्यक आहे. नोटांचा आणि स्टॅम्पांचा छापखाना नाशिक रोडला असल्यामुळे कोलाजमध्ये नोट किंवा सरकारी शिक्का वापरण्याची कल्पना इथल्या मुलांना पटकन सुचते. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यवस्थेवर टीका करायला दुसरी चित्रे पुष्कळ आहेत.

आता व्हिडिओकडे वळतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या सेंट्स या बँडने १९७६ मध्ये ‘आय ॲम स्ट्रँडेड’ हे गाणे स्वतःच्या पैशाने काढले. त्याचा व्हिडिओ एका ओसाड घरात झाला, तिथल्या भिंतीवर गाण्याचे नाव रंगवले होते, आणि त्याच खोलीतला फोटो पुढच्या वर्षी अल्बमच्या कव्हरवर आला. क्लॅश या लंडनच्या बँडचा ‘लंडन कॉलिंग’चा व्हिडिओ दिग्दर्शक डॉन लेट्सने थेम्स नदीवर रात्रीच्या पावसात चित्रित केला, तो पाऊस ठरवलेला नव्हता, पण गाण्यातली नदीकाठची भीती त्यामुळेच पडद्यावर आली. याच अल्बमच्या कव्हरवर बास गिटार जमिनीवर आपटणाऱ्या, बँडच्याच पॉल सिमननचा पेनी स्मिथ या छायाचित्रकार स्त्रीने काढलेला फोटो आहे. तो किंचित अस्पष्ट असल्यामुळे तो वापरू नये असे खुद्द तिचे मत होते. कव्हर आणि व्हिडिओ या दोन्ही ठिकाणी तांत्रिक सफाईपेक्षा त्या क्षणाचा जोर निवडला गेला आणि म्हणूनच दोन्ही अजून पाहिले जातात.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाल्यावर व्हिडिओची ताकद वेगळ्याच पातळीवर गेली. क्लॅशच्याच ‘रॉक द कास्बा’ला तिथे सतत जागा मिळाली आणि ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९९४ मध्ये ग्रीन डे या बँडने ‘लाँगव्ह्यू’चा व्हिडिओ आपल्या राहत्या घरातच केला, तर ऑफस्प्रिंग या बँडचा ‘स्मॅश’ हा एपिटाफ या स्वतंत्र कंपनीचा अल्बम रेडिओ आणि एमटीव्हीच्या आधारे जगभर १ कोटीहून अधिक खपला. वेष्टनाने एवढी झेप कधी घेतलेली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अनोळखी माणसापर्यंत जाण्याची व्हिडिओची क्षमता खरोखरच मोठी आहे.

पण त्या काळात एका वाहिनीवर गाणे लागले की लाखो घरांत एकाच वेळी दिसत असे. आज व्हिडिओ कोणालाही चढवता येतो, म्हणूनच तो कोणालाही न दिसता पडूनही राहू शकतो. शिवाय त्याचे आयुष्य कमी असते. पहिल्या काही दिवसांत जे पाहणारे मिळतात त्यावर बहुतेक वेळा त्याचे भवितव्य ठरते. कॅसेट मात्र पुढच्या कार्यक्रमातही टेबलावर मांडता येते, तिचे पैसे हातात येतात आणि त्यातून दुसरी छपाई निघते.

वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडचा दाखला या चर्चेत टाळता येणार नाही. त्यांनी प्रसिद्धीसाठी व्हिडिओ केले नाहीत, टी-शर्ट विकले नाहीत, तिकीट ५ डॉलरच्या आसपास ठेवले आणि तरीही जगभर दौरे करून मोठा श्रोतृवर्ग मिळवला. मात्र त्यांच्यामागे सततचे कार्यक्रम होते. ज्या शहरात पंकचे कार्यक्रम कमी होतात, तिथे त्यांचे अनुकरण जसेच्या तसे करणे शक्य नाही, आणि नाशिकसाठी हीच खरी अडचण आहे.

नाशिकमध्ये चित्रीकरण करायचे तर सर्वांना आधी गोदाघाट आठवतो. मला तो मोह टाळावासा वाटतो. रामकुंडावर भाविकांची गर्दी असते, अनेकांचे धार्मिक विधी चाललेले असतात, त्यांच्यामध्ये गिटार घेऊन उभे राहणे योग्य नाही, आणि त्या जागेचा तुमच्या गाण्याशी संबंधही बहुधा नसतो. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे तिथे पूर्वपरवानगी लागते. ड्रोनचा विचार असेल तर देवळालीचा लष्करी भाग आणि नाशिक रोडचे छापखाने लक्षात ठेवून ती जागा ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर कोणत्या विभागात येते ते आधी तपासावे. याउलट अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली बंद पडलेली शेड मालकाच्या लेखी परवानगीने मिळाली, किंवा सरावाची तुमचीच खोली वापरली, तर खर्च कमी होतो आणि चित्रात खरेपणा येतो. रिप्लेसमेंट्स या अमेरिकन बँडने १९८५ मध्ये ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’साठी जवळपास संपूर्ण वेळ फक्त एक वाजणारा स्पीकर दाखवला होता. इतका धीट निर्णय घेता आला तर भाड्याच्या कॅमेऱ्याचीही गरज उरत नाही. पडद्यावर देवनागरीत गाण्याचे शब्द द्यावेत. त्याने पाहणारा शेवटपर्यंत थांबण्याची शक्यता वाढते. (त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी ब्लॉक तयार करण्याचा आणि रंगीत छपाईचा व्यवसाय करत होते. ही दोन्ही कामे एकाच नजरेने करता येतात, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.)

निर्णय घेताना बँडने स्वतःकडे पाहावे. महिन्या-दोन महिन्यांनी कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या कॅफेत, मुंबईत किंवा पुण्यात वाजवायला मिळत असेल, कार्यक्रमानंतर लोक येऊन बोलत असतील, तर त्यांच्या हाती द्यायला काहीतरी असलेच पाहिजे. अशा बँडने दोन रंगांत छापलेली १०० कॅसेटची आवृत्ती, शब्दांच्या पानासह, आधी काढावी. बँड नवीन असेल, सदस्य नोकरी-शिक्षणामुळे वेगवेगळ्या गावी असतील आणि कार्यक्रम जमत नसतील, तर एका गाण्याचा, एकाच खोलीतला, एका दिवसात संपणारा व्हिडिओ करावा. दोन-तीन गाण्यांचे व्हिडिओ एकदम करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पैसे विभागले की तिन्ही अर्धवट होतात.

आणि थोडी जुळवाजुळव शक्य असेल तर सेंट्सचा मार्ग घ्यावा. आधी खोली ठरवावी, तिच्या भिंतीवर किंवा पडद्यावर बँडचे चिन्ह रंगवावे, फोटोग्राफरला त्याच दिवशी बोलवावे आणि चित्रे वापरण्याची लेखी परवानगी तिथेच घ्यावी. त्या फोटोंतून कव्हर आणि इनले होतील, आणि चित्रीकरण संकलनासाठी बाजूला ठेवता येईल. आधी कॅसेट छापून पुढच्या कार्यक्रमात विकावी आणि तिच्या विक्रीतून जमणाऱ्या पैशांत व्हिडिओचे संकलन व रंगदुरुस्ती करून घ्यावी.