पोरांचा जुना इलेक्ट्रिक गो-कार्ट: शिशाची बॅटरीच ठेवायची, लिथियम टाकायची, का सरळ ३६ व्होल्ट करायचा?

कार्ट माळ्यावर धूळ खात पडलाय, नाहीतर ओळखीतल्या कुणीतरी “घेऊन जा रे बाबा, आमचं कार्टं आता बाइक मागतंय” म्हणत तुमच्या गळ्यात मारलाय, आणि घरातलं पोरगं रोज विचारतंय की चालू कधी होणार. रस्ते तीन आहेत. एक म्हणजे होता तसाच करायचा, २४ व्होल्ट, शिशाच्या दोन बॅटऱ्या आणि जुनीच मोटर. दुसरा, मोटर तीच ठेवून फक्त लिथियमचा पॅक टाकायचा. तिसरा, सगळं उपटून ३६ नाहीतर ४८ व्होल्टची बीएलडीसी, म्हणजे बिनकार्बनची मोटर, बसवायची. व्हिडिओ बघून आलेला माणूस हमखास तिसऱ्यावर उडी मारतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, बहुतेक घरांना दुसरा रस्ता बरा पडतो, पोरगं मोठं झालेलं असेल तर पहिलाच पुरे, आणि तिसरा फक्त ब्रेक आणि जागा दोन्ही धड असतील त्यांनीच करावा.

इथं कार्ट म्हणजे सीटखाली १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मागे २५० वॉटची कार्बनवाली मोटर, बारीक चेन आणि लोखंडी पाइपची चेसिस असलेला. रेझर कंपनीचा ग्राउंड फोर्स याच जातीचा, ८ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, साधारण ६४ किलोपर्यंत वजन आणि ताशी १९ किमीच्या आसपास स्पीड. १२ व्होल्टच्या प्लॅस्टिकच्या जीपा वेगळ्या, त्यांच्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

कुठलाही रस्ता धरा, आधी मरतंय काय ते शोधा. बॅटरी नुसत्या मल्टीमीटरवर मोजून काही कळत नाही, कारण मेलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्या काढल्या १२.७ दाखवते आणि आपण खूश होतो. जुन्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या, एका बॅटरीला लावा आणि मल्टीमीटर लावून बघत बसा. साडेचार-पाच अँपिअर ओढले जातात. चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकते, गेलेली असेल तर मिनिटाभरात साडेदहाच्या खाली घसरते आणि बल्ब पिवळा पडत जातो. दोन्ही वेगवेगळ्या तपासा, बऱ्याचदा एकच गेलेली असते आणि ती दुसरीलाही घेऊन बुडते. मग पॅडल. पॅडलच्या थ्रॉटलला (वेग कमी-जास्त करणारा भाग) तीन वायरी असतात, लाल-काळ्यावर ५ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे आणि तिसऱ्या वायरीवर पॅडल दाबत नेलं की पाऊणएक व्होल्टपासून साडेतीन-चारपर्यंत हळूहळू चढायला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर थ्रॉटल गेला, आणि तो काही शेच्या घरात मिळतो. फ्यूज आणि ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विचही बघा, तो अडकला की मोटर मेल्यासारखीच वाटते. एवढं न बघता “मोटर गेली” म्हणून कार्ट भंगारात घालणारे लोक आहेत, आणि तसा कार्ट स्वस्तात मिळाला तर आपला फायदाच.

आता पहिला रस्ता, शिशाचा. इन्व्हर्टर-यूपीएसच्या दुकानात मिळते ती १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी. ब्रँडप्रमाणे एकेक हजाराच्या मागेपुढे पडते आणि जुन्या दोन दिल्या तर थोडे कमीही करतात. चार्जर तोच, वायरिंग तेच, कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणारी डबी) हात लावायचा नाही, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त ७ एएच म्हणजे खरोखरचे ७ नाहीत. तो आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे ०.३५ अँपिअरनं. आपली मोटर फुल लोडवर १३ च्या आसपास ओढते, तेव्हा हातात निम्मेच येतात. सलग पळवला तर वीस मिनिटं, थांबत-थांबत खेळले तर अर्धा-पाऊण तास, आणि मग पुढे आठ-दहा तास चार्जिंग. पोरांना हे समजावणं हा वेगळाच उद्योग.

पण शिशाची खरी अडचण ही नाही. कार्ट चालतो कधी, तर दिवाळीत आणि मे महिन्यात. जूनला पाऊस लागला की आपल्याकडे तो जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात जातो तो थेट दसऱ्याला झेंडूची माळ घालायलाच बाहेर निघतो, आणि शिशाची बॅटरी वापरून जेवढी मरत नाही तेवढी अशी अर्धवट चार्ज पडून राहून मरते. आत प्लेटवर सल्फेट धरतं, ते जुनं झालं की मग चार्जर लावून काही होत नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्ज करण्याची शिस्त घरात असेल तर दोन-तीन वर्षं आरामात निघतात. शिस्त नसेल तर दर वर्षी दोन हजार धरून चाला.

दुसऱ्या रस्त्यात मोटर तीच, कंट्रोलर तोच, फक्त पॅक लिथियमचा. यात लोक दोन गोष्टी एकत्र करतात. ई-बाइकच्या पॅकमध्ये बऱ्याचदा येतात ते एनएमसीचे सेल, हलके आणि जास्त ताकदीचे. आणि दुसरे एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडे जड पण तापायला, पेटायला खूपच उशीर करणारे. पॅक पोराच्या बुडाखाली बसणार आहे, उन्हाळ्यात नाशकात पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे माझ्याकडून एलएफपीच, यावर चर्चा नाही. आठ सेल सिरीजमध्ये लावले की २५.६ व्होल्ट होतात, फुल चार्ज २९.२, म्हणजे २४ व्होल्टच्या बहुतेक कंट्रोलरना चालून जातं, तरी आतल्या कपॅसिटरवर किती व्होल्ट लिहिलंय ते एकदा उघडून वाचा. ३२७०० साइझचे ६ एएचचे जाडे सेल घेऊन आठाच्या दोन ओळी केल्या तर १२ एएच. म्हणजे सोळा सेल, वजन सव्वादोन-अडीच किलो, डबा आणि बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) धरून तीन. शिशाच्या दोन बॅटऱ्यांचं वजन साडेचार-पाच किलो, तरी खेळायला वेळ लिथियमवर दुप्पट-तिप्पट. खर्च सेल, ३० अँपिअरचा बीएमएस आणि नवीन चार्जर मिळून पाच ते सात हजार धरा.

चार्जर नवीनच लागतो. शिशाचा जुना चार्जर “चालतोय की” म्हणून लावू नका, त्याची चार्ज करायची पद्धतच वेगळी, आणि काही चार्जर बॅटरी जिवंत करायला वरून जास्त व्होल्टेजचे झटके देतात, ते बीएमएसला मानवत नाहीत. जुना चार्जर घरातून काढूनच टाका, नाहीतर आजोबा एक दिवस प्रेमानं तोच लावतील. दुसरं, कार्टवर बॅटरीचे तीन दिवे असतील तर ते आता खोटं बोलणार. एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, हिरवा दिवा दिसतोय दिसतोय आणि अचानक बंद. पोरगं रडत ढकलत आणतं. पावसाळ्यात मात्र हा पॅक निम्मा चार्ज करून कनेक्टर काढून ठेवला की विसरा, दिवाळीला तसाच्या तसा मिळतो.

सेल घरी सोल्डर करू नका. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावून घ्या, ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे हे करून देतात. आणि पॅकच्या प्लसला अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज हवाच, पॅकपासून हातभर लांब लावलेला फ्यूज अलीकडची वायर वाचवत नाही.

आता तिसरा, सगळ्यांचा लाडका. बीएलडीसीचे फायदे खरे आहेत, कार्बन बदलायची कटकट नाही, आवाज कमी, रिव्हर्स बऱ्याच कंट्रोलरमध्ये तयारच असतो. खर्च मोटर-कंट्रोलर-पॅक मिळून पंधरा हजारांच्या पुढे सहज जातो, वर मोटर बसवायला ब्रॅकेट, ॲक्सल, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्री) सगळं नव्यानं. नाशकात ही बाजू अवघड नाही, सातपूर-अंबडला लेथ आणि फॅब्रिकेशनवाले पायलीला पन्नास, पण सिंगल पीसच्या कामाला ते “दोन दिवसांनी या” म्हणतात आणि ते दोन दिवस कधीच संपत नाहीत. अडचण पैशाचीही नाही, स्पीडची आहे. साधा हिशोब बघा. जुनी मोटर मिनिटाला फिरते २६५० च्या आसपास, पुढे ११ दात, मागे समजा ८०, चाक १० इंची, म्हणजे साधारण ताशी १७ किमी. तीच मोटर ३६ व्होल्टवर टाकली, काही जण हा शॉर्टकटही मारतात, की दीडपट, २६ च्या घरात. कार्बन ठिणग्या टाकतात, मोटर तापते ते वेगळंच. थांबायला लागणारं अंतर मात्र दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. बेताचा ब्रेक धरला तर १७ ला पावणेचार मीटर, २६ ला साडेआठच्या पुढे. पोराचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर येईपर्यंतचं अंतर यात नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पिलरमधलं अंतर मोजा आणि मग ठरवा.

त्यात या कार्टना बऱ्याचदा मागे एकाच चाकावर बँड ब्रेक, म्हणजे पट्टा आवळणारा ब्रेक, असतो. तो एका दिशेला चांगला आवळतो, उलट्या दिशेला जवळपास नावालाच. म्हणजे हौसेनं रिव्हर्स टाकलं आणि पार्किंगच्या रॅम्पवर कार्ट मागे सुटला तर काय ते समजून घ्या. तिसरा रस्ता धरायचाच असेल तर आधी डिस्क ब्रेक, तोही ॲक्सल सलग असेल तर, मग टायर आणि मग मोटर. आणि खेळायला त्र्यंबक रोडकडे कुणाचा मोकळा मळा नाहीतर कंपाउंडचं शाळेचं मैदान हवं. कॉलनीतल्या रस्त्यावर नाही, बसलेलं पोरगं दुचाकीवाल्याच्या नजरेच्या खाली असतं, रिक्षावाल्याला तर दिसणारच नाही.

उलट छोट्या पोरासाठी स्पीड कमी करायची सोपी आयडिया, पुढचं स्प्रॉकेट ११ ऐवजी ९ दातांचं. वरच्याच हिशोबात १७ चे १४ होतात, चढाला ताकदही वाढते, मोटर कमी तापते. थ्रॉटलच्या सिग्नलवर रेझिस्टर लावून स्पीड पाडणारे आहेत, पण ते पोरं नाहीतर मामा एका दुपारी काढून टाकतात.

तिन्ही रस्त्यांत सारखाच येणारा खर्च आधी बाजूला काढा. चाकांचे बेरिंग, टाय रॉडची (स्टिअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणारा दांडा) दोन्ही टोकं, ब्रेकची केबल, चेन. स्टिअरिंग धरून पुढचं चाक हलवून बघा, चाक हलतंय आणि स्टिअरिंग ढिम्म असेल तर टाय रॉडचे जॉइंट गेलेत. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलून उपयोग नाही, नवी चेनही उतरणारच. चेनवर पत्र्याचं कव्हर नसेल तर करून घ्या, ओढणी आणि मोकळे केस यांचं चेनशी पटत नाही. आणि लाल मशरूम बटण, इमर्जन्सी स्टॉप. अंबडला पॅनेलचं काम एवढं चालतं की २२ मिमीचं बटण पॅनेलच्या सामानात सहज मिळतं. पण मोटरचा सगळा करंट त्यातून नेऊ नका, डीसीला त्या कॉन्टॅक्टची ताकद थोडीच असते, आत चिकटून बसला तर ऐनवेळी बटण दाबून काही होणार नाही. कंट्रोलरच्या चावीची बारीक वायर त्यातून न्या.

कस्टमायझेशनला मी जास्त वेळ देत नाही, पोराला विचारा, त्याची यादी तयार असते. चेसिसला पावडर कोटिंग मस्त दिसतं, पण भट्टी १८०-२०० डिग्रीची, त्यामुळे बेरिंग, रबर, बुश सगळं काढूनच द्या, वेल्डिंगचं काम त्याच्या आधी. सीटला रेक्झिन बाइकचं सीट कव्हर करणाराच शिवून देतो. दिवे-हॉर्न १२ व्होल्टचे लावताना शिशाच्या दोनपैकी एका बॅटरीवरून टॅप मारू नका, तीच सारखी आधी उतरते आणि जोडी बिघडते. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर दोन-तीनशेत मिळतो.

मग ठरवायचं कसं, तर पोराचं वय बघा. दहा-अकराचं असेल आणि गुडघे आत्ताच स्टिअरिंगला लागत असतील तर शिशाच्या दोन बॅटऱ्या टाका, त्या मरेपर्यंत त्याचा नाद संपलेला असेल. आठ-नऊचं असेल, मागे धाकटं भावंड रांगेत असेल, तर एलएफपीचा पॅक वसूल होतो, आणि कार्ट गेला तरी पॅक दुसरीकडे वापरता येतो. पोरगं तेराच्या पुढचं असेल तर या फ्रेमवर ३६ व्होल्टचा खर्च करूच नका, तेवढ्या पैशात मोठी फ्रेम बघा. आणि जुना कार्ट विकत घेणार असाल तर बॅटरी मेलेली आहे हे धरूनच भाव करा, विकणारा “फक्त चार्जिंगला लावायचाय” म्हणतोच. चेसिसच्या वेल्डला तडा दिसला, विशेषतः पुढचं चाक ज्या पिनवर वळतं त्या किंगपिनपाशी, तर फुकट देत असला तरी सोडून द्या.