सबव्हर्जन-गिट समक्रमणाच्या लायसन्समध्ये झालेली फसवणूक

बाणेरमधील आमच्या लहान कंपनीचा बारा वर्षांचा कोड सबव्हर्जनवर (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी जुनी प्रणाली) होता आणि तो गिटवर (त्याच कामाची नवी प्रणाली) नेण्याची जबाबदारी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. जुनी मंडळी सबव्हर्जन सोडायला तयार नव्हती आणि नव्यांना गिटच हवे होते, त्यामुळे काही महिने एकीकडचे कमिट (नोंदवलेले बदल) दुसरीकडे आपोआप उतरत राहावेत, अशी सोय करणे भाग होते. ओळखीतून आलेल्या एका विक्रेत्याने सबगिट या दोन्ही प्रणाली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे ‘स्थलांतर आणि समक्रमण, दोन्हींचे आजीवन लायसन्स’ म्हणून 48,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 56,640 रुपये घेतले.

ही दोन कामे वेगळी आहेत, हे मी आधी समजून घ्यायला हवे होते. सबव्हर्जनचा इतिहास एकदाच गिटमध्ये आणायचा असेल, तर सबगिटला लायसन्स लागत नाही. गिट-एसव्हीएन हे दुसरे साधन तर मुळातच विनामूल्य आहे. लायसन्सचा प्रश्न येतो तो दोन्ही रिपॉझिटरी (कोडची भांडारे) सतत जुळत्या ठेवायच्या असतील तेव्हा. विक्रेत्याने आमच्या सर्व्हरवर स्वतः बसून सगळे मांडून दिले, पण लायसन्स की (लायसन्स चालू करणारा सांकेतिक क्रमांक) काही दिली नाही, आणि समक्रमण सुरळीत चालल्यामुळे मीही ती मागितली नाही. प्रत्यक्षात समक्रमण चालले होते ते फक्त सबगिटच्या चाचणीच्या मुदतीपुरते.

मुदत संपली आणि समक्रमण थांबले, हे आमच्या लक्षात दोन दिवसांनी आले. तोवर बिलिंगच्या एकाच फाइलवर दोन्हीकडून काम झाले होते. आमच्या ज्येष्ठ सहकारी बाई रात्री साडेअकरापर्यंत एकेक बदल हाताने जुळवत बसल्या होत्या. त्यांचा तो थकलेला चेहरा मला अजून आठवतो. विक्रेत्याचा फोन बंद होता. उत्पादक कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा आमच्या नावे खरेदीच झालेली नसल्याचे कळले.

मग मी बिल नीट पाहिले. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तो 27 ने सुरू होतो. बिलावरील क्रमांक 27 नेच सुरू होत होता, पण अक्षरे 14 होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहायला एक मिनिटही लागले नसते. लायसन्स कोणाच्या नावे नोंदवले जाणार आणि की कधी मिळणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्या आणि उत्पादकाकडूनच पडताळा.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.