‘सो धिस इज पॅरिस’ की ‘इट’?

मूकपट बघायला सुरुवात हलक्याफुलक्या प्रेमकथेने करायची असेल, तर बोलपट येण्याच्या तोंडावर निघालेले दोन अमेरिकी चित्रपट हाताशी आहेत: एर्न्स्ट लुबिचचा ‘सो धिस इज पॅरिस’ (१९२६) आणि क्लॅरेन्स बॅजरचा ‘इट’ (१९२७). संशयकल्लोळ दोन्हींत आहे, पण जात वेगळी.

लुबिचकडे सगळेच लबाड. समोरच्या खिडकीत फेटा बांधलेला, उघड्या अंगाचा माणूस बायकोला दिसतो. तो नर्तक, घरात तालीम चाललेली. तिचा डॉक्टर नवरा काठी घेऊन जाब विचारायला जातो, तर त्या घरात त्याचीच जुनी मैत्रीण! भांडण राहतं बाजूला आणि स्वारी काठी तिथेच विसरून येते. मग ती काठी परत करायला नर्तक डॉक्टरच्या घरी हजर. संशय घेणारा फाल्गुनराव स्वतःच लफड्यात, त्यामुळे कुणाची कीव करावी लागत नाही. पुढे चार्ल्सटन नाचाची मेजवानी आहे, एकावर एक चढवलेल्या प्रतिमा आणि थिरकणारे पाय. त्या मैत्रिणीबरोबर चोरून नाचायला गेलेल्या नवऱ्याला नाचाचं बक्षीस मिळतं, ते बायकोला घरबसल्या कळतं रेडिओवरून. मूकपटात चोरी पकडतो रेडिओ! लुबिचचा हा खट्याळपणा मला फार आवडतो.

‘इट’मधली क्लारा बो दुकानात काम करते आणि मालकावर भाळते. रिट्झसारख्या बड्या हॉटेलात जेवायला जायचं, तर अंगावरच्याच साध्या ड्रेसला कात्री लागते. तेवढ्यात ही पोरगी आपल्याला जिंकून घेते. आजारी मैत्रिणीचं बाळ समाजसेविकांनी नेऊ नये म्हणून ते आपलंच आहे, असं ती ठणकावून सांगते. गैरसमज मालकापर्यंत पोचतो. तो हिरे द्यायला तयार, लग्नाला नाही. इथे हसू थांबतं, कारण शिक्षा होते ती चांगुलपणाची. लेखिका एलिनॉर ग्लिन स्वतः पडद्यावर येऊन ‘इट’ म्हणजे काय (थोडक्यात, समोरच्याला खेचून घेणारं आकर्षण) ते समजावते, तो भाग मात्र रटाळ.

पहिलाच मूकपट असेल तर ‘इट’ लावा. गोष्ट सरळ आहे आणि क्लाराचा चेहरा संवादांच्या पाट्यांआधीच सगळं सांगून टाकतो. जुने चित्रपट सरावाचे असतील, त्यातून जोडीने बघणार असाल, तर लुबिच. फक्त प्रत निवडताना संगीत आधी ऐका. काही प्रतींना कुठलाही पियानो चिकटवलेला असतो, आणि ताल चुकला की चार्ल्सटन फुकट जातो.